इंचाला सात टाके

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालची. त्या वर्षी उन्हाळा वेळेआधी आला आणि आगंतुक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला, जायचं नाव घेईना. त्याच वर्षी फर्निचरच्या कारखान्यात नवीन शिवणयंत्रं आली, पुलाजवळच्या हॉलमध्ये पंखे बसले आणि ताईने आयुष्यातली सगळ्यात सुबक वस्तू शिवली. तिच्या हातून सगळ्यात मोठं नुकसानही त्याच वस्तूमुळे झालं.

ताई तेव्हा चौतीस वर्षांची होती. कारखान्यात सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवायचं काम तिच्याकडे होतं. खुर्चीला किती कापड लागेल हे तिला नुसतं बघून सांगता यायचं, आणि माणसांकडेही ती त्याच नजरेने बघायची. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाची पाठ कुठे वाकलीय, हे तिला आधी दिसे. चेहरा मागाहून.

तिला एक धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ती वीस वर्षांची. तेव्हापासून त्याची आई म्हणा, बाप म्हणा, ताईच. तेविसाव्या वर्षापर्यंत त्याने चार नोकऱ्या धरल्या आणि चार गमावल्या. प्रत्येक वेळी कारण एकच होतं, घाम. छापखान्यात त्याच्या बोटांनी ताजी शाई फिसकटली. कापडदुकानात रेशमावर पंजा उमटला. घड्याळवाल्याने तर आठवड्यातच हात जोडले, कारण त्याने हाताळलेली चाकं गंजू लागली होती. मुलगा आळशी नव्हता, उद्धट नव्हता. नुसता ओला होता.

नळ हे नाव त्याला ऑर्केस्ट्रात मिळालं. पुलाजवळच्या हॉलमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी ऑर्केस्ट्रा वाजे, लोक नाचायला येत. ऑर्केस्ट्राचे मास्तर ट्रम्पेट वाजवत आणि मधल्या वेळात लोकांना नावं ठेवत. भावाशी पहिल्यांदा हात मिळवल्यावर त्यांनी आपला हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा मुलगा आहे की नळ?" झालं. नाव चिकटलं ते कायमचं. ताई सोडली तर सगळे त्याला नळच म्हणू लागले, आणि पुढे पुढे तीही.

पण गिटार वाजवायचा चांगला, आधी साधी आणि मग बेस. लोक पाय कशाच्या जोरावर उचलतात हे त्याला कुणी न सांगता कळलं होतं. बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांचे पाय अडखळतात. नळाला ही जागा बरोबर मानवली.

ही जागा आधी काकांची होती. काका ऑर्केस्ट्रातले सगळ्यात जुने, सगळ्यांचेच काका. बेस गिटार नावाची वस्तू नुकतीच निघाली होती, तेव्हा त्यांनी ती बाहेरून मागवली होती. सबंध गावात तशी ती एकच. अकरा वर्षं त्यांनी ती वाजवली, आणि मग त्यांचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना, गिटार गळ्यात घालून दहा मिनिटं उभं राहवेना. मास्तरांनी नळाला पुढे केलं आणि काकांकडे गिटार मागितली. काकांनी आठ दिवस विचार केला आणि मुलाला बहिणीसकट बोलावलं.

काका दुसऱ्या मजल्यावर राहत. खिडकीशी टेबल, टेबलावर जाड ब्लँकेट, आणि ब्लँकेटवर ती गिटार. मधाच्या रंगाची, आणि इतकी गुळगुळीत, की खिडकीचे गज तिच्यात वाकून दिसत होते. अकरा वर्षं वापरलेली वस्तू अशी दिसते यावर ताईचा विश्वास बसेना. तिच्या कारखान्यातून नवीन निघणाऱ्या खुर्च्याही अशा दिसत नसत.

"हे बघ," काका नळाला म्हणाले, "ही तुला वापरायला देतोय. दिलेली नाही."

"हो काका."

"महिन्याच्या पहिल्या रविवारी, चार वाजता, इथे घेऊन यायची. मी तपासणार. वर्षभर आहे अशी राहिली, तर तुझी. नाही राहिली, तर ते बघ कपाट. त्यात परत जाईल."

"हो काका."

"आणि आधी हात पूस."

नळाने हात पँटला पुसला. पँट आधीच ओली होती.

काकांनी डाव्या हाताच्या बोटाने गिटारची वरची कड दाखवली. "सगळे वाजवणारे इथे हात टेकवतात. पॉलिश जातं ते इथूनच. मी अकरा वर्षांत एकदाही टेकवला नाही. हात वर, हवेत. तारांना बोटं तेवढी लागली पाहिजेत. काय?"

"हवेत," नळ म्हणाला.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. काकांनी कप डाव्या हाताने उचलला. ताईच्या लक्षात आलं, त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता आणि कोपर अंगापासून लांब, जणू काखेत काहीतरी धरलंय. खुर्ची अशी असती तर तिने पाय कापायला परत पाठवली असती.

"डॉक्टर काय म्हणतात?" तिने विचारलं.

"काय म्हणणार? ओझी उचलता का, म्हणतात. मी काय हमाल आहे?"

"विचारलं तर विचारलं," काकू म्हणाल्या, "त्यावर तिथेच भांडून आले."

घरी जाताना नळ गिटार छातीशी धरून चालत होता, आणि छाती ओली होऊ नये म्हणून मध्ये ताईची शाल घातली होती. ताई त्याच्याकडे बघत होती. ही पाचवी नोकरी. ही गेली तर सहावी कुठली, हे तिला सुचत नव्हतं. तिने मनाशी ठरवलं, गिटारला घाम लागू द्यायचा नाही. मुलाचा घाम आपल्या हातात नाही, पण शिवण तर आहे.

आणि ती कामाला लागली. आधी तिने त्याचे शर्ट उसवले आणि बटणं पट्टीच्या आत लपवून पुन्हा शिवले, म्हणजे गिटारच्या पाठीला ओरखडा जायला नको. पट्ट्याच्या बक्कलला फ्लॅनेलचं टोपडं केलं. मग पावडर लावून पाहिली. पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्या गाण्याला मनगटावर तिची कणीक झाली. मास्तर म्हणाले, "नळ्या, गाणं संपलं की लाटून घे." मग तिने एका जुन्या मोज्याचा पंजा कापून त्याच्या हाताला बाही केली. ती अर्ध्या तासात भिजे, म्हणून सहा केल्या. प्रत्येक गाण्यानंतर नळ बाही बदले, फडक्याने गिटार पुसे, दुसऱ्या फडक्याने पुन्हा पुसे. ढोलवाला म्हणायचा, "हा वाजवायला येतो की झाडूपोछा करायला?"

हात हवेत धरायचं मात्र नळाला जमेना. काकांची आठवण झाली की तो कोपर उचले, गाण्यात रंगला की हात आपोआप खाली येऊन कडेवर विसावे. मग दचकून पुन्हा वर. घरी आला की खांदा दुखतोय म्हणे. ताई गरम पाण्याच्या बाटलीने शेकून देई आणि वर बोलेही, "काकांना जमलं अकरा वर्षं. तुला तीन तास जमत नाही?"

पहिले तीन रविवार पार पडले. काका गिटार ब्लँकेटवर ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अंगठा सबंध अंगावरून फिरवत. डोळे मिटून. अंगठा कोरडा, कागदासारखा. "हं," काका म्हणत. या 'हं'साठी भाऊबहीण महिनाभर जगत.

चौथ्या रविवारी अंगठा कडेवर थांबला. मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"ढग आलाय," काका म्हणाले.

ताईने वाकून पाहिलं. वीतभर जागेत पॉलिश मंद झालं होतं, आरशावर श्वास सोडावा तसं.

"घाम आहे हा. टेकवतोस तू हात."

नळाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्याच्या कपाळावरून एक थेंब ओघळला आणि काकांनी चपळाईने गिटार मागे ओढली.

"ढग म्हणून सोडतोय," काका म्हणाले. "पाऊस पडला तर सोडणार नाही. यापुढे तिथे काही दिसलं, की कपाट."

दुसऱ्या दिवशी ताई कारखान्यात गेली, आणि समोरच उपाय दिसला. विकायला ठेवलेल्या खुर्च्या मळू नयेत म्हणून त्यांच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चढवत. जाड, लवचीक, काचेसारखं. त्यातून कापड जसंच्या तसं दिसे आणि हात लागला तर फक्त प्लॅस्टिकला. ताईने आपल्या कपाळावर हात मारून घेतला. चार महिने मोजे कापत बसले!

एक उरलेला तुकडा मागून घेऊन ती घरी आली. गिटारवर वर्तमानपत्र पसरून तिने आधी नमुना कापला. वरची कड, पाठ आणि पुढचा अर्धा भाग झाकला जाईल, तारा आणि बटणं मोकळी राहतील, पट्टा अडकवायच्या खुंटीसाठी काजं करता येईल, असा. वळणांवर चुण्या येऊ नयेत म्हणून तिने सोळा ठिकाणी प्लॅस्टिकला खाचा दिल्या आणि प्रत्येक खाच पातळ गोटाने, कापडाच्या अरुंद पट्टीने, मढवली. इंचाला सात टाके. सोफ्याला पाच पुरतात. मागच्या बाजूला दाबाची बटणं लावली, म्हणजे घालता-काढता येईल. घातल्यावर कव्हर आहे हे चार हातांवरून कळत नव्हतं. गिटार उलट जास्तच चकाकत होती.

"गिटारला रेनकोट?" मास्तर म्हणाले. "बरं आहे. नळाखाली उभं राहायचं तर हवाच."

नळ मात्र खूश होता. आता घामाची धास्ती नव्हती, हात खुशाल टेकवता येत होता. त्याचं वाजवणं एका आठवड्यात असं खुललं, की मास्तरांनी नावं ठेवायचं थांबवलं. ताई दर कार्यक्रमानंतर कव्हर काढे, पुसे, वाळवे. पाचव्या रविवारी तिने ते घरीच ठेवलं आणि काकांना त्याबद्दल काही सांगितलं नाही. लपवावं असं नव्हतं तिच्या मनात. पण शिवलेली वस्तू दाखवली की काका काहीतरी खोट काढतील, एवढं तिला ठाऊक होतं.

"ढग थांबला," काका म्हणाले. सहाव्या रविवारीही तेच म्हणाले, आणि त्यात कौतुकाची छटा होती. "शिवणबाई, मुलाला वळण लावलंत."

मग काका खांद्याच्या उपचारासाठी लेकीच्या गावी गेले, दोन महिने. काकूही गेल्या. सातवा आणि आठवा रविवार होणार नव्हता.

इथे ताईच्या हातून ती गोष्ट झाली. मागची दाबाची बटणं गाण्याच्या ठेक्यात सैल होत आणि कव्हर केसभर सरके. तिला ते खुपे. आपण शिवलेलं कव्हर सरकतं म्हणजे काय! घाम वरून पुसला तरी चालत होतं, आणि आता महिन्याच्या महिन्याला काकांना दाखवायला कव्हर काढायची गरजही नव्हती. तिने दाबाची बटणं उसवली, प्लॅस्टिक ओढून घट्ट बसवलं आणि पाठीमागची फट हाताने शिवून टाकली. तिथेही इंचाला सात टाके. गिटारला दुसरी कातडीच झाली जणू. आणि बाहेर उन्हाळा होता. हॉलमधले नवे पंखे गरम हवा या भिंतीवरून त्या भिंतीवर ढकलत होते, आणि घरात गिटार खिडकीखाली उभी असे.

नवव्या रविवारी सकाळी तिने कात्री घेतली आणि पाठीचे टाके कापले. काका आदल्या दिवशी परतले होते, चार वाजता बोलावलं होतं. टाके सुटले, पण कव्हर सुटेना. तिने कड धरून हलकेच ओढली. बारीक चर्र असा आवाज आला, ओल्या पायाने मेणकापडावरून चालावं तसा.

"नळ्या," तिने हाक मारली, "इकडे ये जरा."

दोघांनी मिळून काढलं. काढलं कसलं, सोललं. दुधावरून साय यावी तसं पॉलिश प्लॅस्टिकबरोबर वर येत होतं. वरच्या कडेला तर तळहाताएवढा तुकडा निघाला आणि खालचं फिकट लाकूड उघडं पडलं. बाकी अंगावर जिथे जिथे गोट होता, तिथे पॉलिशमध्ये तिची शिवण उमटली होती. एकेक टाका. मोजता येईल असा.

नळ खुर्चीवर बसला. "ताई, तू कशाला..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुढचं तो कधीच बोलला नाही.

रविवार असला तरी पॉलिशवाला भेटणार होता, तो कारखान्याच्या मागच्या खोलीतच राहत असे. दोघं गिटार आणि कव्हर घेऊन त्याच्याकडे गेली. तो ताईच्या बरोबरीचा, कमी बोलणारा. त्याने गिटार पाहिली, प्लॅस्टिक पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ते जेवणाचं टेबल आठवतं?"

आठवत होतं. त्याच वर्षी एका बाईंनी नवीन टेबल मळू नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक अंथरलं होतं, आणि उन्हाळ्यात ते पॉलिशला चिकटून बसलं. टेबल कारखान्यात परत आलं होतं. प्लॅस्टिक पॉलिशला खातं हे पॉलिशवाल्याने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. ताई तिथेच, दोन हातांवर उभी होती. पण ते टेबल होतं. टेबल म्हणजे लाकूड. गिटार हे तिच्या लेखी लाकूड नव्हतंच. तो तिचा भाऊ होता.

"दोन दिवस द्या," पॉलिशवाला म्हणाला. "सगळं खरवडून नवीन मारतो. असा रंग जुळवतो, की काकांना काय, गिटारलाही कळणार नाही."

"ताई, दे ना," नळ म्हणाला. "काकांना सांगू, मला ताप आहे. मंगळवारी नेऊ."

ताईने विचार केला. खरं तर फार वेळ केला नाही. "डोळ्यांना कळणार नाही," ती म्हणाली, "अंगठ्याला कळेल. आणि अंगठ्याला नाही कळलं तरी मला दर रविवारी कळेल. मी शिवलंय, मी सांगते."

चार वाजता नळ जिन्यावर बसला आणि ताई एकटी वर गेली. तिने गिटार ब्लँकेटवर ठेवली, बाजूला कव्हर ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोजे, पावडर, खाचा, गोट, शिवून टाकलेली फट. काकू दाराशी उभ्या होत्या.

मग त्यांनी अंगठा फिरवला. कडेवर आला तेव्हा तो लाकडावर गेला आणि तिथेच थांबला. मग शिवणीच्या खुणेवरून हळूहळू सरकला.

"इंचाला सात?" काकांनी विचारलं.

"सात."

काकांनी कव्हर उचललं, उजेडात धरलं, आत हात घालून पाहिलं. "काम चांगलं आहे," ते म्हणाले. "घाम एक थेंब आत गेला नाही."

"नाही गेला."

"ठरलं होतं ते ठरलं होतं, शिवणबाई."

"हो," ताई म्हणाली. "ते मी बदलायला आलेच नाही."

काकांनी उठून कपाट उघडलं. आत गिटारएवढीच रिकामी जागा होती, खाली फ्लॅनेल अंथरलेलं. ताईला रडू आलं नाही. सहावी नोकरी कुठली, एवढंच परत डोक्यात आलं. मग दुसरं एक आलं.

"काका, एक विचारू? तुम्ही हात कसा धरायचात, एकदा दाखवता का? नळाचा खांदा दुखायचा. मी त्याला रागवायचे. माझं चुकत होतं का, तेवढं बघायचंय."

"त्यात काय दाखवायचं?" काका म्हणाले, पण पट्टा डाव्या हाताने गळ्यात घातला. उजवा हात पुढे आणला आणि कोपर उचललं. उचललं म्हणजे, ते उचललेलंच होतं. हात गिटारच्या कडेपासून दोन बोटं वर, हवेत, अधांतरी. आणि तो खांदा. चहा पिताना, जिना उतरताना, बोलताना जो खांदा ताईने पाहिला होता, तोच हा खांदा. काका गिटार गळ्यात नसतानाही ती वाजवतच होते.

काकांचे ओठ घट्ट मिटले.

"अकरा वर्षं असा?" ताईने विचारलं.

"असाच."

"दर कार्यक्रमाला तीन तास?"

"चार. तेव्हा चार तास असायचे."

"मग डॉक्टर बरोबर विचारत होते, काका. तुम्ही ओझं उचलत होतात. आपलाच हात."

काकूंनी दाराची चौकट धरली.

"आता तिथे जपण्यासारखं काही राहिलेलं नाही," ताई म्हणाली. "मीच घालवलंय. टेकवून तर बघा."

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना भर रस्त्यात चप्पल काढून उभं राहायला सांगितलंय. मग हात खाली आला. एकेक बोट, एकेक बोट. तो त्या उघड्या लाकडावर टेकला आणि खांदा, तो दोन बोटं वर राहिलेला खांदा, सगळा नाही, पण अर्धा उतरला. काकांच्या तोंडून एक आवाज निघाला. दुखल्याचा नव्हता.

त्यांनी एक तार छेडली. विजेशिवाय बेस गिटारचा आवाज तो किती? बंद दाराआड कुणी सावकाश जिना उतरावा, तेवढा. मग दुसरी. मग चार सूर एकापुढे एक आले, पुन्हा तेच चार आले, आणि काकूंचा पाय दाराशी नकळत हलू लागला. आतल्या चुलीवर पाणी उकळून आटलं, तरी त्या गेल्या नाहीत.

बऱ्याच वेळाने काका थांबले. पट्टा काढला. गिटार ब्लँकेटवर ठेवली, कपाटाकडे पाहिलं, आणि जाऊन कपाटाचं दार लावलं.

"शुक्रवारी कार्यक्रम आहे ना मास्तरांचा?"

"आहे."

"मग ही इथे काय करतेय?"

ताईने कपाटाच्या बंद दाराकडे पाहिलं.

"घेऊन जा. आणि त्या नळाला सांग, हात टेकव म्हणावं. पुसत बसू नकोस." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पहिल्या रविवारी आणायची, चार वाजता."

"तपासायला?"

"तपासायला काय ठेवलंयस तू? आणायची म्हणजे आणायची."

ताई गिटार उचलून दाराशी गेली, तेव्हा काकांनी मागून हाक मारली. "ते कव्हर राहू दे इथे. काम चांगलं आहे."

नळ जिन्यावर बसलेला होता. बसला होता ती पायरी ओली झाली होती.

त्यानंतर काका सहा वर्षं जगले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दहा-पंधरा मिनिटं गिटार वाजवत, हात टेकवून. खांदा पूर्ण उतरला नाही. पण कप उजव्या हाताने उचलू लागले. बाराव्या रविवारी वर्ष पुरं झालं, तेव्हा गिटार नळाची झाली की नाही याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

काकूंनी ते कव्हर उसवलं आणि रेडिओवर घातलं, धूळ बसू नये म्हणून. रेडिओ लाकडी पेटीचा होता. पुढच्या उन्हाळ्यात त्याचंही पॉलिश कव्हरबरोबर निघालं. काकू ताईला म्हणाल्या, "अगं, मला वाटलं ते फक्त गिटारला होतं."

पॉलिशवाल्याने स्वतःचं दुकान काढलं आणि भिंतीवर ते कव्हर टांगलं. काकूंकडून मागून आणलं होतं. टेबल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवी. कमी बोलणारा माणूस तेवढ्या एका विषयावर पाऊण तास बोलत असे. मास्तरांचा ऑर्केस्ट्रा एकोणऐंशी साली मोडला. हॉलमध्ये टायरचं गोदाम झालं. मास्तर लेकाकडे राहायला गेले आणि तिथल्या लोकांना नावं ठेवू लागले.

नळ वाजवतच राहिला. इतर ऑर्केस्ट्रांत, स्टुडिओत, पुढे मुलांना शिकवताना. त्याने सहावी नोकरी शोधली नाही. चाळीस वर्षांच्या घामाने त्या उघड्या लाकडाचा रंग चहासारखा झाला, आणि हात टेकून टेकून तिथे उथळ खळगा पडला. आता तो गेला. गिटार त्याच्या लेकीकडे आहे. तिचे हात कोरडे आहेत.

ताई कारखान्यातून निवृत्त झाली तेव्हा तिला एक खुर्ची भेट मिळाली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तिने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, कात्री मागून ते फाडलं. आता ती नव्वदीत आहे. भाची कधी गिटार घेऊन आली की ती खिडकीशी नेऊन तिरकी धरायला लावते. खळग्याच्या भोवती, जिथे पॉलिश उरलंय, तिथे शिवण अजून दिसते. ती अंगठा फिरवते आणि मोजते. सातच आहेत.